पट्टा का निसटतो?

दिवाळीतली संध्याकाळ होती. शेजारच्या घरचा मोती नेहमीप्रमाणे साखळीला बांधून फिरायला निघाला होता. इतक्यात समोरच्या वळणावर फटाक्यांची माळ कडाडली. मोती जागच्या जागी थबकला, मान खाली घालून दोन पावले मागे सरला, आणि पाहता पाहता त्याच्या धन्याच्या हातात साखळी व तिच्या टोकाला रिकामा पट्टा एवढेच उरले! मोती भर रहदारीतून धावत दिसेनासा झाला. त्याचे नाव आणि पत्ता कोरलेला बिल्लाही त्या पट्ट्यालाच होता. सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका दुकानाच्या पायरीखाली अंग चोरून बसलेला सापडला.

गंमत अशी, की पट्टा तुटला नव्हता आणि बक्कलही लागलेलेच होते. मग मोती सुटला कसा? याचे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे.

बांगडी आणि पट्टा

कासार बांगड्या भरतो तेव्हा काय करतो, ते तुम्ही पाहिले असेल. हाताचा सर्वांत रुंद भाग म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेली हाडे आणि अंगठा. कासार अंगठा तळहातात दाबतो, त्यामुळे हाताचा घेर कमी होतो आणि बांगडी पुढे सरकते. मनगटावर पोहोचली की ती चांगली सैल असते, तरी गळून पडत नाही. कारण परत येताना तिला तोच रुंद भाग ओलांडावा लागतो.

कुत्र्याची मान म्हणजे मनगट आणि डोके म्हणजे हाताचा पंजा असे समजा. पट्ट्याचा परिघ डोक्याच्या सर्वांत मोठ्या परिघापेक्षा कमी असेल, तोवर पट्टा निसटणार नाही. पण कुत्रा कान मागे पाडून डोक्याला चिकटवतो, तेव्हा तो कासाराने अंगठा दाबावा तसाच डोक्याचा घेर कमी करत असतो.

काही जातींत मान आणि डोके यांच्या घेरांत फरक फारच थोडा असतो. इंग्लंडमधील ग्रेहाउंड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखली जाणारी आणि कर्नाटकातील मुधोळ गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेली शिकारी जातही याच घडणीची आहे. 2005 साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळ कुत्र्याचे चित्र होते. या कुत्र्यांची कवटी लांबट व अरुंद, तर मान लांब आणि स्नायूंनी भरलेली असते. साध्या पट्ट्यातून ते सहज बाहेर पडतात.

ओढ कोणत्या दिशेची?

कुत्रा पुढे धावतो आणि आपण मागे असतो, तेव्हा साखळीची ओढ खांद्यांकडे असते. मान खांद्यांकडे रुंद होत जाते, म्हणून पट्टा तिथे पाचरीसारखा अडकून बसतो. अशा वेळी सैल पट्टाही निसटत नाही.

आता कुत्रा घाबरून मागे सरला असे समजा. आपण त्याच्या पुढे राहतो आणि ओढीची दिशा उलटते. पट्टा मानेच्या अरुंद भागाकडे, म्हणजे कानांमागे सरकतो. कुत्र्याने मान खाली घालून पुढे ताणली, की मान आणि डोके एका रेषेत येतात. आपण जितके जोराने ओढू, तितका पट्टा काढायला आपणच त्याला मदत करतो! म्हणून कुत्रा मागे सरू लागला तर ओढू नये. झटकन त्याच्या बाजूला जावे आणि साखळी सैल सोडावी.

दोन बोटांचे गणित

पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत, असा नियम सांगतात. श्वास घेताना व गिळताना त्रास होऊ नये, कातडी घासली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण दोन बोटांमुळे परिघ किती वाढतो? स्वतःच मोजून पाहा.

सुमारे साडेअकरा सें.मी. व्यासाचा एक डबा घ्या. त्याचा परिघ 36 सें.मी. भरेल. डब्याभोवती दोरा घट्ट गुंडाळून खूण करा. मग डबा आणि दोरा यांच्यामध्ये दोन बोटे आडवी घालून पुन्हा मोजा. दोरा सुमारे 2 सें.मी. जास्त लागेल. बोटे काढून ही सैलता सगळीकडे सारखी पसरली, तर फट किती पडेल? 2 ला 2π ने, म्हणजे सुमारे 6.28 ने भागा. उत्तर येते जेमतेम 3 मि.मी.! डोळ्यांना पट्टा घट्टच वाटतो.

आता समजा, एका कुत्र्याच्या मानेचा कानांमागचा घेर 36 सें.मी. आहे आणि कान पाडलेल्या डोक्याचा घेर 38 सें.मी. दोन बोटांच्या नियमाने बांधलेला पट्टाही 38 सें.मी.चाच झाला. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही हा कुत्रा सुटण्याच्या काठावर आहे. बक्कल आणखी एक भोक सैल लावले, तर तो सुटलाच म्हणून समजा. आणि नियम मोडून पट्टा आवळावा, तर दिवसभर गळ्याला काच. ठरावीक परिघाच्या पट्ट्याने हा पेच सुटत नाही.

आवळणारा, पण मर्यादेत

यावर उपाय म्हणजे ज्याचा परिघ बदलतो असा पट्टा. त्याला मार्टिंगेल पट्टा म्हणतात. यात एक लांब पट्टी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक कडी. दोन्ही कड्यांतून एक लहान फासा ओवलेला असतो आणि साखळी या फाशाला जोडतात. साखळी सैल असताना कड्या एकमेकींपासून दूर राहतात आणि पट्टाही सैल राहतो. ओढ बसली की फासा बाहेर खेचला जातो, कड्या जवळ येतात आणि परिघ कमी होतो. कड्या एकमेकींना भिडल्या की आवळणे थांबते.

आपल्या उदाहरणात लांब पट्टी 34 सें.मी.ची आणि फाशाची दोरी एकूण 20 सें.मी. धरा. फासा चपटा पसरला की कड्यांमध्ये 10 सें.मी. अंतर पडते आणि पूर्ण उघडा परिघ 44 सें.मी. होतो. पट्टा डोक्यावरून आरामात जातो. ओढ बसताच तो 36 सें.मी.वर मानेला लागतो आणि 38 सें.मी.चे डोके त्यातून बाहेर येत नाही. लांब पट्टीच 38 सें.मी.ची घेतली असती तर? कड्या भिडल्या असत्या, पट्टा मात्र सैलच राहिला असता. म्हणून ओढ बसल्यावर पट्टा मानेला लागलेला हवा आणि कड्यांमध्ये थोडे अंतर शिल्लक हवे.

सरफाशासारख्या आवळणाऱ्या साखळीला अशी मर्यादा नसते, म्हणून ती धोक्याची. मार्टिंगेलचा फासाही खिळ्यात किंवा फांदीत अडकू शकतो. कुत्रा एकटा असताना तो गळ्यात ठेवू नये.

गळ्याऐवजी छाती

गळ्याखाली श्वासनलिका असते. तिच्यावरचा दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. 2 सें.मी. रुंदीऐवजी 4 सें.मी. रुंदीचा पट्टा घेतला, तर त्याच ओढीला दाब साधारण निम्मा होतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कुत्रा गळपट्ट्याला ओढ देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीपट्ट्याने तसा वाढत नाही. म्हणून सतत ओढणाऱ्या किंवा डोळ्यांचा विकार असलेल्या कुत्र्याला छातीपट्टा बरा. पगसारख्या आखूड तोंडाच्या, जाड मानेच्या कुत्र्यालाही तोच सोयीचा.

मात्र कुत्रा छातीपट्ट्यातूनही मागे सरत निसटू शकतो. कारवानसारख्या खोल छातीच्या, बारीक कमरेच्या कुत्र्यासाठी बरगड्यांच्या मागून जाणारा एक जादा पट्टा असलेला प्रकार मिळतो. कमरेवरचा तो पट्टा रुंद छाती ओलांडून पुढे येऊ शकत नाही. बांगडीचाच नियम पुन्हा!

तुम्हीच मोजा

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर शिवणकामाची टेप घ्या आणि वडीलधाऱ्यांच्या मदतीने दोन मापे घ्या. पहिले माप कानांच्या अगदी मागे मानेचे, दुसरे कान पाडून डोक्याच्या सर्वांत रुंद भागाचे. डोक्याचा घेर मानेपेक्षा चांगलाच मोठा असेल, तर साधा रुंद पट्टा पुरे. फरक दोन-तीन सें.मी.च असेल, तर मार्टिंगेल किंवा छातीपट्टा निवडा. मग दार बंद करून, खोलीतच, समोरून साखळी हलकेच ओढून पाहा. पट्टा कानांवर चढू लागला, तर निवड चुकली. पिल्लू वाढत असते आणि चामडे भिजून ताणते, म्हणून ही तपासणी दर महिन्याला करावी.

मोतीच्या धन्याने ही मापे घेतली, ती मोती परत आल्यावर. तुम्ही ती येत्या दिवाळीच्या आधी घ्या.