समजून घ्या : भरतीची वेळ सांगणारे मूल पाऊणच्या गणितात का अडते?

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर ओहोटीची वेळ माहीत हवी. पर्यटक ती मोबाइलवर शोधतात. किनाऱ्यावर त्यासाठी जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. आज चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी साधारण सहा तासांच्या फरकाने, म्हणजे नऊच्या आसपास.

हा चक्क ४ × ३/४ असा गुणाकार आहे. तरीही घरी ही रीत ऐकणारे मूल फळ्यावर ३/४ दिसताच गांगरू शकते. आपण लगेच म्हणतो, ‘गणितात कच्चा आहे.’

खरेच कच्चा आहे का?

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांनी ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तशीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. पाच मुले म्हणजे फारच थोडी, हे खरे. पण कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्यातही हेच दिसले. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले व्यवहारातल्या हिशेबात मागे पडली. ज्ञान एका जागेहून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ते न्यावे लागते.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्येच सांगितले होते की शिकण्यावर सर्वाधिक परिणाम करते ते मुलाला आधीपासून असलेले ज्ञान. ते आधी शोधा, मग शिकवा. आपल्याकडचा ‘ज्ञानरचनावाद’ याच घरातला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी तो गाजवला, २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणला आणि अनेक शाळांच्या फरशांवर संख्यारेषा रंगल्या. रंगकाम सोपे असते. मुलाला काय येते हे विचारणे वेळखाऊ.

मग उद्याच्या तासाला काय करायचे?

कॅलेंडर घ्या. या आठवड्याच्या तिथींवरून भरतीच्या वेळा मुलांना काढू द्या आणि संध्याकाळी समुद्रावर पडताळायला सांगा. सप्तमीला उत्तर सव्वापाच येईल. दुसऱ्या दिवशी समुद्र बाजूला ठेवा : पाऊण किलो कोलंबीच्या सात पिशव्या, एकूण वजन किती? तिसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त ७ × ३/४. आधार असा एकेक पायरीने काढायचा असतो. लेव्ह व्हायगॉट्स्की यांच्या मांडणीतून शिक्षकाने उचलावे ते हेच : आज मदतीने जमते, तेच उद्या एकट्याने जमायला हवे. बहुतेक ‘उपक्रम’ पहिल्या दिवशीच, फोटो काढून संपतात.

वरच्या वर्गासाठी तर यात आणखी मजा आहे. पौर्णिमेला ही रीत सव्वाअकरा सांगते. पाणी मात्र बाराच्या सुमारास भरते. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ एकूण २४ तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे. रीत धरते ४५. मुलांना विचारा, तिथीला पाऊणने गुणायचे की चार पंचमांशाने? आणि तोंडी करायला यातले सोपे कोणते?