पूर्वतयारीविना रंग : लाभ आणि मर्यादा

लाकडी कपाटाला किंवा टेबलाला नवा रंग द्यावयाचा म्हणजे आधी जुना रंग घासावयाचा, ही रीत रंगाऱ्यांच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. काचकागदाने घासणे, खाचखळगे लांबीने भरणे, पुन्हा घासणे, अस्तराचा हात देणे, तो वाळल्यावर आणखी एकदा घासणे, आणि त्यानंतर रंगाचा पहिला हात. कुशल रंगाऱ्याचा बराचसा वेळ प्रत्यक्ष रंग लावण्यात जात नाही. तो त्याआधीच्या या कामांत जातो. काम कंटाळवाणे, धूळ घरभर, आणि मजुरीही त्याच मानाने अधिक. त्यामुळे घासण्याची किंवा अस्तराची जरुरी नाही, डबा उघडून सरळ रंग लावावा, असे आश्वासन देणारे रंग बाजारात आले तेव्हा घरमालकांनी त्यांचे स्वागत केले यात नवल नाही. हे आश्वासन कितपत खरे आहे? ते जेथे खरे ठरत नाही तेथे काय होते? आणि घासण्याचे काम टाळणे हे कोणत्या परिस्थितीत केवळ सोयीचे नसून आरोग्याच्या दृष्टीने आवश्यकही असते? या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

पूर्वतयारीची तीन कामे

पूर्वतयारी हा शब्द आपण एकवचनी वापरतो. वस्तुतः तिच्यात तीन निरनिराळी कामे एकत्र आलेली असतात. पहिले काम स्वच्छतेचे. रंग लाकडाला किंवा जुन्या रंगाला चिकटावा लागतो. मध्ये तेलाचा, मेणाचा किंवा धुळीचा थर असेल तर तो त्या थराला चिकटतो, आणि थर सुटला की त्याच्याबरोबर रंगही सुटतो. दुसरे काम पृष्ठभाग खरखरीत करण्याचे. काचकागदाने घासल्यावर गुळगुळीत रोगणावर असंख्य बारीक ओरखडे उठतात, त्यांत नवा रंग शिरून घट्ट बसतो. तिसरे काम अडसर घालण्याचे. लाकडातील रंगद्रव्ये, जुन्या पॉलिशमधील छटा, पाण्याचे जुने डाग हे वर झिरपून नव्या रंगावर उमटू नयेत म्हणून अस्तराचा हात मध्ये येतो.

ही तीन कामे एकमेकांपासून वेगळी आहेत हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सोपे होते. पूर्वतयारीविना म्हणून विकला जाणारा चांगला रंग यांपैकी दुसरे काम बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतो. पहिले काम तो करू शकत नाही, आणि तिसरे क्वचितच करतो.

खडूच्या रंगाची घडण

या प्रकारच्या रंगांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इंग्लंडमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० साली बाजारात आणलेला ‘चॉक पेंट’. हे नाव त्यांच्या उत्पादनाचे व्यापारचिन्ह असले, तरी पुढे अनेक उत्पादकांनी याच धर्तीवर रंग काढले आणि अशा सर्वच रंगांना लोक खडूचे रंग म्हणू लागले. शाळेतील फळ्याला देण्याच्या काळ्या रंगाशी त्यांचा संबंध नाही.

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात: रंग आणि भरीवपणा देणारी पूड, ती पूड एकत्र बांधून ठेवणारा बंधक, आणि वाळताना उडून जाणारे पाणी किंवा टर्पेंटाइनसारखा द्राव. चकचकीत इनॅमलमध्ये बंधकाचे प्रमाण इतके असते की पुडीच्या कणांमधील सर्व पोकळ्या भरून वर त्याचाच एक सलग, काचेसारखा थर तयार होतो. खडूच्या रंगात प्रमाण उलट असते. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, व तत्सम पूड इतकी असते की सर्व पोकळ्या भरण्यास बंधक पुरत नाही. परिणामी वाळलेला थर सच्छिद्र, निस्तेज आणि किंचित खरखरीत राहतो. तो लवकर वाळतो, दाट असल्यामुळे जुना रंग झाकतो, आणि त्यावरचा दुसरा हात आपोआपच पहिल्यात रुतून बसतो. जुन्या पृष्ठभागाला चिकटण्याचे काम मात्र पाण्यात विखुरलेल्या बंधक रेझिनाकडे असते, आणि त्याची निवड नीट झाली असेल तर तो रंग जुन्या वॉर्निशवर, न घासताही, धरून राहतो.

परंतु या सच्छिद्रतेचीच दुसरी बाजू अशी की, हा थर तेल, चहा आणि हातांचा मळ सहज शोषून घेतो. म्हणून त्यावर मेण किंवा पारदर्शक लेप देणे भागच असते. आधीचे श्रम वाचतात. ते काही अंशी शेवटी करावे लागतात. मेण कापडाने पातळ लावून, जादा पुसून, घोटावे लागते आणि वापराप्रमाणे पुन्हा पुन्हा द्यावे लागते. शिवाय मेण उष्णतेने मऊ होते आणि त्यावर पुढे दुसरा रंग धरत नाही. दिवाणखान्यातील आरशाच्या चौकटीला ते शोभते. स्वयंपाकघरातील कपाटांच्या दारांना पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे दोन हात देणे अधिक शहाणपणाचे. लेप स्पर्शाला कोरडा लागला तरी पूर्ण कठीण होण्यास त्याला साधारणपणे तीन ते चार आठवडे लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याहून अधिक. या काळात त्यावर जड भांडी ठेवू नयेत.

स्वयंपाकघरातील अदृश्य रोगण

पूर्वतयारीविना रंगांच्या अपयशाचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे स्वयंपाकघर. याचे कारण रसायनशास्त्रात सापडते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट, चिवट पापुद्र्यात रूपांतरित होते. या गुणामुळेच शतकानुशतके रंगांमध्ये त्याचा बंधक म्हणून उपयोग होत आला. करडईच्या तेलात हाच गुण आहे, आणि ते पिवळे पडत नाही म्हणून पांढऱ्या रंगांसाठी ते वापरले जाते. सूर्यफुलाच्या तेलात तो काही प्रमाणात आढळतो. फोडणीच्या वेळी उडणारे तेलाचे सूक्ष्म थेंब कपाटांच्या दारांवर बसतात, तेथे महिनोन्‌महिने हवेत राहून चिकट, पिवळसर थर बनवतात. हा थर ओल्या फडक्याने निघत नाही, कारण तो आता केवळ तेलाचा डाग राहिलेला नसून अर्धवट वाळलेले रोगणच बनलेला असतो. त्यावर दिलेला कोणताही रंग मुठींच्या भोवती आणि दारांच्या कडांना प्रथम सुटतो.

तेलरंग किंवा सनमायका असलेल्या दारांवरील असा थर काढण्यास कोमट पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. क्षाराचा अंश राहिल्यास तोही रंगाला बाधक ठरतो. स्वच्छता झाली की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मोत्यांसारखे गोळा झाले तर तेल किंवा मेण शिल्लक आहे. पसरून पातळ झाले तर रंग लावण्यास हरकत नाही. मेणपॉलिश केलेल्या सामानावरील मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने काढावे लागते. सनमायकावर तर पूर्वतयारीविना रंगही जपूनच वापरावा. तेथे चांगले पकड देणारे अस्तर मध्ये घेतल्याशिवाय रंग नखानेही निघू शकतो.

लाखेचा जुना अडसर

तिसरे काम, म्हणजे झिरपणारे डाग थोपवणे, यासाठी जगभर ज्या द्रव्यावर आजही विश्वास ठेवला जातो ते भारतीयांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे लाख. पळस, बोर आणि कोशिंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा एक लहानसा कीटक हे राळेसारखे द्रव्य स्रवतो. झारखंड हा तिच्या उत्पादनाचा प्रमुख प्रदेश असून, रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था कार्यरत आहे. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात विकल्या जाणाऱ्या लाखेला चपडा म्हणतात. तो स्पिरिटमध्ये विरघळवला की फ्रेंच पॉलिश तयार होते.

लाकडातील टॅनिनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळतात. म्हणून शिसवीच्या किंवा तांबूस छटेच्या जुन्या पॉलिशवर पाण्याचा रंग सरळ दिला की काही तासांत गुलाबी किंवा तपकिरी डाग वर येतात, आणि कितीही हात दिले तरी ते पुन्हा उमटतात. लाखेचे दोन पातळ हात मध्ये दिले असता हे थांबते, कारण पाण्याला लाख विरघळवता येत नाही. लाख बहुतेक सर्व पृष्ठभागांना चिकटते आणि तिच्यावर बहुतेक सर्व लेप चिकटतात. चपड्यात सुमारे ५ टक्के नैसर्गिक मेण असते. पाण्यात मिसळणाऱ्या किंवा पॉलियुरेथेनच्या लेपाखाली म्हणून मेण काढलेली लाखच वापरावी.

जुन्या सामानावरील पॉलिश लाखेचे आहे का, हे ओळखण्यासाठी एखाद्या आडबाजूच्या जागी स्पिरिटचा थेंब टाकावा. पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे समजावे, आणि ते धुण्यास सोड्याचे पाणी वापरू नये. क्षाराने लाख विरघळते.

कर्नाटकातील चन्नपट्टणचे खेळणीकार काळ्या कुड्याच्या लाकडावर कोणतेही अस्तर न देता रंगीत लाखेची कांडी दाबतात. चरकावर फिरणाऱ्या लाकडाच्या घर्षणाने लाख वितळून त्यावर पसरते. पूर्वतयारीविना रंगाचे हे जुने उदाहरण दिसते खरे. परंतु तेथे लाकूड क्षणापूर्वीच पटाशीने सोललेले, कोरडे आणि निर्मळ असते. म्हणजे पूर्वतयारी कातकामातच होऊन गेलेली असते.

शिसे : न घासण्याचे खरे कारण

आतापर्यंत जे सांगितले त्यात चूक झाली तर फार तर रंग सुटेल. आता जो विषय येतो त्यात चुकीची किंमत घरातील लहान मुलांना द्यावी लागते.

शिशाची संयुगे रंगात पांढरेपणा, पिवळेपणा, टिकाऊपणा आणि लवकर वाळण्याचा गुण आणीत, म्हणून ती सर्रास वापरली जात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचा संबंध घरांच्या रंगाशी जोडला होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरांच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधने घालणारा करार संमत केला. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगांतील शिशाला बंदी केली. भारतात २०१६ मध्ये नियम झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये, असे बंधन आले. त्यापूर्वीच्या इनॅमल रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, याच्या अनेक पट शिसे आढळलेले आहे. नंतरच्याही काही लहान उत्पादकांच्या रंगांत मर्यादेचे उल्लंघन दिसून आले आहे.

जुना रंग जागच्या जागी घट्ट असेल तोवर त्यातील शिसे फारसे उपद्रव करीत नाही. कोरड्या काचकागदाने तो घासला की त्याची अतिसूक्ष्म धूळ होते. ती जमिनीवर, गाद्यांवर, खेळण्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांवाटे तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट अंश शोषून घेते. त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो, बहुधा कोणतीही लक्षणे दिसण्यापूर्वी. आणि निर्धोक म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही मात्रा ज्ञात नाही.

यास्तव २०१७ पूर्वी रंगवलेले सामान, तपासणी झालेली नसेल तर, शिसेयुक्तच आहे असे धरून चालावे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत रंगाचा लहानसा टवका तपासून घेता येतो. जुना रंग सलग आणि घट्ट असेल तर तो न घासता, फक्त ओल्या फडक्याने धुऊन, पकड देणारा रंग त्यावर देणे हा उत्तम मार्ग होय. पूर्वतयारीविना रंगाचा खरा उपयोग येथे आहे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ते पाण्याने भिजवून, ओल्या काचकागदाने हलक्या हाताने काढावेत. खाली प्लॅस्टिक अंथरून सर्व चिखल त्यात गुंडाळावा. कोरड्या केरसुणीने झाडू नये. ब्लोलँपच्या ज्योतीने रंग जाळू नये, कारण त्यातून विषारी धूर निघतो. काम संपेपर्यंत मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. पाळणा, खाटेचा कठडा, एकमेकांवर घासणारे खण या जागी मात्र नुसते झाकणे पुरेसे नाही, कारण तेथे नवा थर लवकरच झिजतो किंवा मुले तो चावतात. अशा वस्तू मुलांच्या वापरातून काढून टाकणेच इष्ट.

रंगाच्या डब्यावरील आश्वासनाचा अर्थ आता नेमका सांगता येईल. घासण्याचे श्रम वाचवणारा रंग तयार करता आला आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. परंतु पृष्ठभाग धुणे, लाकूड आणि जुने पॉलिश कोणते आहे ते ओळखणे, आणि आधीच्या रंगात काय आहे याचा विचार करणे, ही कामे कोणत्याही डब्यात भरून विकत मिळत नाहीत. ज्या कपाटाला आपण एका दुपारी नवे रूप देतो, त्याच्या दारांना पुढील अनेक वर्षे घरातील मुलांचे हात लागणार असतात. रंग उघडण्यापूर्वी खर्च केलेला तासभर वेळ त्यांच्यासाठी असतो.