मोत्या विलायतेला जातो

परदेशप्रवासाची वर्णने आपण दिवाळी अंकांतून पुष्कळ वाचतो. त्या प्रवाशांपाशी बाकरवडी असते, मेतकूट असते, क्वचित पत्नीही असते. कुत्रा मात्र सहसा नसतो. आमच्या आईने ती उणीव भरून काढली.

धाकटा भाऊ म्युनिकला असतो. त्याच्या घरी पाळणा हलणार, असे पत्र आले. आता पत्र कसले, फोनच तो. पण आई अजून त्याला पत्रच म्हणते. तिने जायचे ठरले, व्हिसा तीन महिन्यांचा. आई म्हणाली, "मी येईन, पण मोत्याला घेऊन."

हा मोत्या म्हणजे जतकडच्या एका धनगराने अण्णांना दिलेला कारवानी कुत्रा. लांब तोंड, पाठीला लागलेले पोट. पाहुण्याला वाटावे, आम्ही त्याला उपाशी ठेवतो. अण्णा गेले आणि तो आईच्या खाटेखाली निजू लागला. 2019 च्या ऑगस्टात सांगलीला पूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले, तेव्हा आमच्या दाराशी आलेल्या होडीत कुत्र्याला जागा नव्हती. आई दोन दिवस माडीवर बसून राहिली; खाली उतरली ती मोत्यासह. त्यामुळे या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला. प्राध्यापकी अशी सहज सुटत नाही.

मग कागदांचे पारायण सुरू झाले. युरोपात कुत्रा न्यायचा तर प्रथम त्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. लशीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचे. लस रक्तात पुरेशी उतरली, असा निर्वाळा मिळाला तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला हे चुकत नाही, कारण आपल्याकडे हा रोग अजून माणसांचे बळी घेतो. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचा दाखला. तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी साडेचार महिन्यांची तयारी! एवढ्यात आमच्याकडे दोन लग्ने उरकली असती.

थांबण्याच्या त्या महिन्यांत मोत्याला पिंजऱ्याची सवय लावली. उभे राहता येईल, वळता येईल एवढा मोठा पिंजरा पुण्याहून आणला, माजघरात ठेवला आणि त्याची भाकरी आतच देऊ लागलो. पहिले आठ दिवस तो मान तेवढी आत घालून जेवला. शेपटीकडचा भाग बाहेर पहाऱ्याला. पुढे पुढे दुपारची झोपही तिथेच होऊ लागली.

निघण्यापूर्वी आईने एकच हट्ट धरला : "माहुलीला खंड्याच्या पाया पडून जाऊ." साताऱ्याकडच्या वाचकांना हा खंड्या सांगायला नको. छत्रपती थोरले शाहू महाराज शिकारीला गेले असता वाघ अंगावर येणार, तोच या कुत्र्याने भुंकून त्यांना सावध केले, अशी कथा आहे. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. आणखी एक मौज सांगतात. एक मानकरी फार ऐटीत दरबारी आला, तेव्हा महाराजांनी कुत्र्याच्या अंगावर जरीवस्त्रे व जडजवाहीर घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ऐट कशी उतरवावी, हे आमच्या महाविद्यालयीन समित्यांनी शिकण्यासारखे आहे.

आगगाडीने जावे, तर कुत्र्यासाठी पहिल्या वर्गाचा आख्खा डबकुला राखून ठेवावा, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घालावे, असा नियम. आम्ही मोटार केली. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरचे हे गाव, रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. विश्वेश्वराचे दर्शन झाले. 1749 च्या डिसेंबरात वारलेल्या शाहू महाराजांची समाधी नदीकाठी आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही दगडी समाधी याच माहुलीत. आईने तिच्यावर फूल वाहिले. मोत्याने ते हुंगले आणि तो आडवा झाला. आई पुटपुटली, "याला नीट परत आण रे बाबा." विमानाच्या पोटात नऊ तास एकटा राहणारा तो नऊ वर्षांचा जीव! तेव्हा कुठे मला उमगले, की कागदांच्या गडबडीत तिची भीती कोणी विचारलीच नव्हती.

पोचला, सुखरूप पोचला. पिंजऱ्यातून निघाल्यावर त्याने प्रथम आईची चप्पल शोधली, असे भावाचे म्हणणे. पुढच्या हकिकती आईच्याच तोंडच्या. तिथल्या आगगाडीत मोठ्या कुत्र्याला मुलासारखे अर्धे तिकीट, तोंडाला जाळी आणि तो माणसांत बसून जातो. उपाहारगृहात आपल्या आधी त्याच्यापुढे पाण्याचे भांडे येते. नगरपालिका कुत्र्यावर कर घेते, पण तो तिथल्या रहिवाशांच्या कुत्र्यांवर. बागेत लोक थांबून "ही जात कोणती?" असे विचारीत. आई शुद्ध सांगलीच्या मराठीत सांगे, "मुधोळकडचा." आणि भाऊ जर्मनमध्ये पुरवणी जोडी, की मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली आणि 2005 साली भारताच्या टपालतिकिटावरही ती आली.

एकदा सारे नॉयश्वानश्टाइनचा किल्ला पाहायला गेले. डोंगरावरचा तो राजवाडा दुसऱ्या लुडविग राजाने 1869 पासून बांधायला घेतला. जगभरचे लोक तो पाहायला येतात. आत कुत्र्यांना मज्जाव. भाऊ म्हणाला, आपण पाळीपाळीने जाऊ. आई दाराबाहेर बाकावर बसली, मांडीवर नात, पायाशी मोत्या. "तुम्ही या जाऊन. मी औंध पाहिलंय."

आषाढात ती परतली. मुंबईहून येताना मोटार तिने पुन्हा माहुलीला वळवायला लावली. नदी गढूळ, दुथडी. आई हात जोडून समाधीपाशी उभी राहिली. मोत्याने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. माझ्या हातातली साखळी ओढत तो थेट घाटाच्या पायऱ्या उतरला आणि लपलप करीत पाणी प्याला.