वीस बाजू, दीड हजार रुपये

सकाळी ६:१०
बदलापूर पूर्व, दुसरा मजला. पाणी आलंय. काकांनी पिंप भरलं, दोन बादल्या भरल्या. पण रेकॉर्डी धुवायला हे पाणी चालत नाही, सुकल्यावर क्षारांचे डाग राहतात. त्यासाठी बॅटरीचं पाणी. पाच लिटरचा कॅन शंभर रुपयांना.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. निवृत्तीनंतर जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. रेकॉर्डच्या एका बाजूला साठ रुपये, कॅसेटला दीडशे. आजचं गिऱ्हाईक वेगळं आहे. अंबरनाथला गिटारचे क्लास घेणाऱ्या एका सरांना मुलांना लॉनी जॉन्सन ऐकवायचाय. न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय गिटारवाला, ब्लूज आणि जॅझ दोन्हींत वावरलेला. वेळ एक तास. एक बाजू तीनेक मिनिटांची, म्हणजे वीस बाजू. निवड काकांची. निवडण्या-उतरवण्याचे मिळून दीड हजार ठरलेत.

सकाळी ७:००
जुन्या टॉवेलवर रेकॉर्ड ठेवायची. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. बाळाच्या केसांचा मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलवर प्लॅस्टिकची वाटी उपडी. स्पिरिट लावायचं नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांची, म्हणजे ७८ ची, रेकॉर्ड लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. "एकाने सेंटने पुसून आणली होती," काका सांगतात. "वास छान येत होता. गाणं गेलं."

एका रेकॉर्डला सहा-सात मिनिटं लागतात. मग ताटाळ्यात उभ्या करून सुकवायच्या. घरात पंख्याच्या वाऱ्यावरून रोज वाद होतो.

सकाळी ९:२०
उल्हासनगर, कॅम्प ३. स्टेशनवरून शेअर रिक्षा, पंधरा रुपये. भंगारवाल्या साईंच्या गाळ्यात मिक्सर, शिलाई मशीनची डोकी, फोटोफ्रेमा. रेकॉर्डी मागे, गोणीत. रद्दी किलोवर जाते, पत्रा किलोवर जातो, पण लाखेला भंगारात भाव नाही. म्हणून त्या नगावर विकायच्या.

"साईं, काय आलंय?"

"कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमधला माल आहे, काका. सब अंग्रेजी."

रेल्वेतले अँग्लो-इंडियन गेले, त्यांच्या नाचाच्या रेकॉर्डी मागे राहिल्या. काका खाली बसून एकेक तबकडी उन्हात तिरकी धरतात. बहुतेक वॉल्ट्झ. मग एक पार्लोफोन, लेबल पाण्याने गेलेलं. या पट्ट्यात अशा पुष्कळ सापडतात. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरांत शिरली होती. लाख पाण्यातून वाचते, कागद वाचत नाही. काका खिशातून भिंग काढतात. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत आकडे उमटलेले असतात. सहा आकडी नंबर, सुरुवात ४०१. त्याला लागून एक अक्षर, म्हणजे त्या दिवशीचा कितवा प्रयत्न ते कळतं. हा नंबर न्यूयॉर्कच्या ओके कंपनीचा, साल १९२८ किंवा २९. काकांचा चेहरा काहीच सांगत नाही. तो सराव तीस वर्षांचा.

साईं दोनशे म्हणतो. एकशे वीसला सुटते.

दुपारी १२:१५
घरी. लेन्कोच्या टर्नटेबलवर काठाने ठोकळा सरकवला की वेग कमी-जास्त करता येतो. ७८ ची पिन वेगळी, एलपीच्या पिनेपेक्षा चौपट जाड. अडीच हजाराला पडली. एलपीची पिन लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत बसते आणि फक्त खरखर उचलते.

वेग तपासायला तबकडीवर पट्ट्या आखलेला कागद ठेवायचा. त्यावर ७७ पट्ट्या. आपली वीज ५० सायकलची, त्या लुकलुकीत ७८ च्या वेगाला पट्ट्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. एलईडीखाली हे नीट दिसत नाही, म्हणून या एका खोलीत चोकवाली जुनी ट्यूब अजून आहे.

पण पट्ट्या थांबल्या म्हणजे काम झालं असं नाही. त्या काळी सगळ्याच रेकॉर्डी बरोबर ७८ ला कापलेल्या नसत. काका पेटी ओढतात. जॉन्सन पुष्कळदा डी मध्ये वाजवतो, आपली पांढरी दोन. सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये लोंबकळतोय. म्हणजे मूळ वेग जास्त होता. ठोकळा केसभर सरकवला. परत पांढरी दोन. आता बसला.

लेबल गेलेली बाजू लागते. दोन गिटारी. काकांनी पहिल्याच फेरीत ओळखलं: 'अ हँडफुल ऑफ रिफ्स', १९२९. दुसरी गिटार एडी लँगची. लँग गोरा, इटालियन घरातला. रेकॉर्ड काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या मालिकेत निघायची, म्हणून लेबलवर त्याचं नाव ब्लाइंड विली डन असं छापलं. आंधळाही नाही, विलीही नाही.

दुपारी २:३०
लाईट गेले. चटणी-भाकरी आणि वही. निवड आता कागदावर.

शेल्फावर 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० ला मुंबईत सुरू झाली, सुरेश चांदवणकरांनी हे अंक वर्षानुवर्षं काढले. त्यांत बहुतेक आपले गायक-गायिका. साल, कंपनी, नंबर नोंदवायची शिस्त काका तिथून शिकले. वहीचे रकाने तेच, नावं अमेरिकेची.

पहिली बाजू १९२५ ची, 'मिस्टर जॉन्सन्स ब्लूज'. सेंट लुईसला ब्लूजची स्पर्धा जिंकली आणि ओकेचा करार मिळाला. हे रेकॉर्डिंग कर्ण्यात गाऊन केलेलं, ओकेकडे मायक्रोफोन नंतर आला. आवाज डब्यातला. वगळावी? काका पेन्सिलीने बरोबरची खूण करतात.

१९२७ च्या डिसेंबरमधलं 'हॉटर दॅन दॅट' येणार, त्यात लुई आर्मस्ट्राँगच्या गळ्याशी गिटारची सवाल-जवाबासारखी झटापट आहे. ड्यूक एलिंग्टनसोबतचं 'द मूच' खोडलं. उत्तम आहे, पण गिटार मागे आहे. 'टुमॉरो नाइट' १९४८ मध्ये अमेरिकेत प्रचंड खपलं. खोडलं. "ते गळ्यासाठी ऐकायचं. मुलांना हात ऐकू द्या." मला हे पटलं नाही. मी असतो तर शेवटी ठेवलं असतं.

मंदीत जॉन्सनचं रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा तो पोलादाच्या कारखान्यात राबला. १९५९ ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाडलोट करताना सापडला, मग पुन्हा रेकॉर्डी निघाल्या. काका यावर एवढंच विचारतात, "तिथे बोटं कशी सांभाळली असतील?" त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक लेथवर गेलंय.

संध्याकाळी ४:१०
लाईट आले. मूळ तबकड्या सातच. उरलेलं एलपी आणि सीडींवरून. 'प्लेइंग विथ द स्ट्रिंग्ज', १९२८, दोन प्रतींत आहे. एक गुळगुळीत, खरखर पुसलेली. दुसरी तळणीसारखी कडकडते. काका दोन्हींची तीच दहा सेकंदं आलटून पालटून लावतात. गुळगुळीत प्रतीत तार सोडल्यानंतरचं बोट ऐकू येत नाही. खरखरीसोबत तेही पुसलं गेलंय. कडकडणारी राहिली. टिचक्या तेवढ्या एकेक हाताने काढल्या. तीन मिनिटांच्या गाण्याला पन्नास मिनिटं.

रात्री ८:१५
सर क्लास संपवून आले. हेडफोन लावला. काकांनी 'प्लेइंग विथ द स्ट्रिंग्ज' लावलं.

"काका, आवाज फार येतोय. मुलं म्हणतील खराब आहे."

"गिटार ऐका."

सरांनी पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. डावा हात हवेत पट्ट्या दाबायला लागला.

"हे एकटाच वाजवतोय?"

"एकटाच."

दीड हजार मिळाले. त्यातून पेन ड्राइव्हचे तीनशे, आजच्या तबकडीचे एकशे वीस, रिक्षा जाता-येता तीस. सरांना हीच बाजू सूर तसाच ठेवून निम्म्या वेगाने हवीय, मुलांना बसवायला. त्याचे दोनशे वेगळे. परवा देतो, काका म्हणाले. उद्या कात्रपच्या एका घरातल्या कीर्तनाच्या अकरा कॅसेटी आहेत, आणि त्यांतल्या तिनांची फीत चिकटलीय.