राष्ट्रीय वनांतील तेल व वायू भाडेपट्टे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रीय वने म्हणून राखलेल्या सरकारी जमिनींखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू शोधण्याचा व काढण्याचा हक्क ठराविक मुदतीसाठी आणि मोबदल्याच्या अटीवर खाजगी कंपन्यांना किंवा व्यक्तींना देण्याची पद्धत. भाडेपट्ट्याने जमिनीची मालकी बदलत नाही. भूगर्भातील तेल-वायू काढण्याचा आणि त्यासाठी आवश्यक तेवढे भूपृष्ठ वापरण्याचा हक्क मात्र पट्टेदाराला मिळतो. लाकूड, पाणी, चराई, वन्य जीव व मनोरंजन यांसाठी सांभाळलेल्या जमिनीवर रस्ते, विहिरी, नळ व साठवण-टाक्या येऊ द्यावयाच्या की नाहीत आणि हा निर्णय कोणत्या टप्प्यावर घ्यावयाचा, हा या व्यवस्थेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

व्याप्ती व प्रशासन : राष्ट्रीय वने व त्यांना जोडलेले गवताळ प्रदेश यांचे एकूण क्षेत्र सु. १९ कोटी ३० लाख एकर (सु. ७.८ कोटी हेक्टर) आहे. त्यांचा कारभार कृषिखात्याच्या अखत्यारीतील, १९०५ मध्ये स्थापन झालेली वनसेवा पाहते. भूगर्भातील तेल व वायूचे पट्टे देण्याचा अधिकार मात्र अंतर्गत व्यवहार खात्याकडे असून १९४६ पासून ते काम त्या खात्याचे भूमिव्यवस्थापन कार्यालय करते. अशा प्रकारे झाडे व माती एका खात्याकडे, तर त्यांखालील तेल दुसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी झालेली आहे.

इतिहास : १८७२ च्या सर्वसाधारण खाणकाम कायद्यानुसार सार्वजनिक जमिनीवर खनिज शोधणाऱ्यास तेथे दावा सांगता येई व पुढे ती जमीनही नाममात्र दरात विकत घेता येई. १८९७ मध्ये ही तरतूद तेलाच्या बाबतीतही स्पष्टपणे लागू करण्यात आली. परिणामी कॅलिफोर्नियातील तेलक्षेत्रे इतक्या झपाट्याने खाजगी हाती जाऊ लागली, की नौदलासाठी लागणारे तेल सरकारला स्वतःच्याच पूर्वीच्या जमिनींतून विकत घ्यावे लागेल, अशी भीती निर्माण झाली. म्हणून १९०९ मध्ये अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी कॅलिफोर्निया व वायोमिंग येथील तीस लाख एकरांहून अधिक जमीन अशा दाव्यांसाठी बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ही कृती वैध ठरविली. त्यानंतर १९२० च्या खनिज भाडेपट्टा कायद्याने तेल, वायू, कोळसा इ. खनिजांसाठी विक्रीऐवजी भाडेपट्ट्याचे तत्त्व स्वीकारले. राष्ट्राची मालकी कायम ठेवून उत्पादनाचा वाटा घ्यावयाचा, हा त्यामागील विचार होता.

पूर्वेकडील अनेक राष्ट्रीय वने मूळची सार्वजनिक नसून १९११ च्या वीक्स कायद्याखाली खाजगी मालकांकडून विकत घेतलेल्या जमिनींवर उभी आहेत. या संपादित जमिनींसाठी १९४७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला व त्यांवरील पट्ट्यांना कृषिखात्याची संमती आवश्यक ठरली. पश्चिमेकडील मूळ सार्वजनिक वनांबाबत मात्र वनसेवेचे मत प्रथेनुसार विचारात घेतले जाई. नकाराचा स्पष्ट वैधानिक अधिकार तिला नव्हता. ज्ञात तेलक्षेत्रांबाहेरील पट्टे या काळात लिलावाशिवाय, प्रथम अर्ज करणाऱ्यास किंवा अर्जदारांतून सोडत काढून दिले जात.

१९८७ ची सुधारणा : या वर्षीच्या कायद्याने पट्टे प्रथम लिलावात मांडणे बंधनकारक केले आणि वनसेवेच्या हरकतीविरुद्ध मूळ सार्वजनिक वनांत पट्टा देता येणार नाही, असे ठरविले. भूपृष्ठाची मोडतोड करणाऱ्या सर्व कामांचे नियमनही वनसेवेकडे आले. त्याबाबतचे सविस्तर नियम १९९० मध्ये अमलात आले.

कार्यपद्धती : प्रथम वनसेवा विशिष्ट वनक्षेत्राचा अभ्यास करून त्याचे तीन भाग पाडते : सर्वसाधारण अटींवर पट्ट्यास खुले, विशेष निर्बंधांसह खुले आणि बंद. हा अभ्यास राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा (१९६९) व राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायदा (१९७६) यांच्या चौकटीत करावा लागतो. पुढे एखाद्या भूखंडाची मागणी आली, म्हणजे तो या अभ्यासात पुरेसा विचारात घेतला गेला आहे किंवा कसे, हे तपासून वनसेवा आपली संमती कळविते. त्यानंतर भूमिव्यवस्थापन कार्यालय लिलाव करते. अलास्का वगळता स्पर्धात्मक पट्ट्याचे कमाल क्षेत्र २,५६० एकर असते. मूळ मुदत दहा वर्षांची असून किफायतशीर उत्पादन सुरू असेपर्यंत पट्टा पुढे चालू राहतो. प्रत्यक्ष वेधनापूर्वी पट्टेदाराला वेगळा अर्ज करावा लागतो. त्यातील भूपृष्ठवापराची योजना वनसेवा मंजूर करते, तर विहिरीचा परवाना भूमिव्यवस्थापन कार्यालय देते. परवान्यापूर्वी किमान तीस दिवस जाहीर सूचना देणे आवश्यक असते.

विशेष निर्बंध मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिल्यात भूपृष्ठावर काहीही उभारण्यास मनाई असते; तेल काढावयाचेच झाल्यास शेजारच्या जमिनीतून तिरक्या वेधनाने काढावे लागते. दुसऱ्यात तीव्र उतार, ओढ्यांचे काठ इ. ठिकाणी कामाच्या पद्धतीवर बंधने असतात. तिसऱ्यात वन्य प्राण्यांच्या विणीच्या किंवा हिवाळी मुक्कामाच्या काळात काम थांबवावे लागते.

निर्णयाचा क्षण : बहुतेक पट्ट्यांवर कधीच विहीर खोदली जात नाही, त्यामुळे पट्टा देणे ही केवळ कागदोपत्री बाब आहे आणि परिणामांचा विचार वेधनाचा अर्ज आल्यावर करता येईल, अशी भूमिका प्रशासन पूर्वी घेत असे. न्यायालयांना ती मान्य झाली नाही. आयडाहो व वायोमिंग येथील पॅलिसेड्स क्षेत्राबाबत १९८३ मध्ये आणि माँटॅनातील फ्लॅटहेड व गॅलॅटिन वनांबाबत १९८८ मध्ये अपील न्यायालयांनी दिलेल्या निर्णयांचा आशय असा, की भूपृष्ठवापरास मनाई करणारी अट नसलेला पट्टा एकदा दिला, की सरकारला काम कसे करावे हे सांगता येते. पण काम करूच नये, असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे उरत नाही. म्हणून पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास पट्ट्यापूर्वीच व्हावयास हवा. सर्वसाधारण अटींच्या पट्ट्याबाबत दीर्घकाळ लागू असलेल्या नियमाने ही मर्यादा अधिक स्पष्ट होते : नियोजित काम २०० मीटरपर्यंत हलविण्यास किंवा ६० दिवसांपर्यंत लांबविण्यास सांगणे, एवढे पट्टेदाराच्या हक्काशी सुसंगत मानले जाई.

घाईने दिलेला पट्टा मागे घेणे किती कठीण असते, हे माँटॅनातील बॅजर-टू मेडिसिन क्षेत्राच्या उदाहरणावरून दिसते. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतचे हे सु. १,३०,००० एकरांचे वन ब्लॅकफीट या आदिवासी जमातीला पवित्र आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे अनेक पट्टे देण्यात आले. १९९७ मध्ये तेथील वनाधिकाऱ्यांनी रॉकी पर्वताच्या पूर्व उताराचा सु. ३,५६,००० एकरांचा पट्टा नव्या भाडेपट्ट्यांसाठी बंद केला व २००६ मध्ये काँग्रेसने या भागातील बंदी कायमची केली. तथापि पूर्वीचे हक्क त्यामुळे संपले नाहीत. १९८२ मध्ये दिलेला एक पट्टा २०१६ मध्ये रद्द करण्यात आला, न्यायालयात पुन्हा जिवंत झाला आणि अखेर २०२३ मध्ये तडजोडीने संपुष्टात आला. एक्केचाळीस वर्षांत त्यावर एकही विहीर खोदली गेली नव्हती. याउलट वायोमिंग पर्वतरांगेतील सु. १२ लाख एकर वनभूमी २००९ च्या कायद्याने नव्या पट्ट्यांतून वगळताना चालू पट्टे मोबदला देऊन सोडवून घेण्याची वाटही ठेवण्यात आली.

विभक्त मालकी : जेथे भूगर्भ सरकारच्या मालकीचा नाही, तेथे भाडेपट्ट्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वायव्य पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनी राष्ट्रीय वन (स्थापना १९२३) याचे ठळक उदाहरण होय. १८५९ मध्ये ज्या टायटसव्हिलजवळ अमेरिकेतील पहिली यशस्वी व्यापारी तेलविहीर खोदली गेली, त्याच तेलप्रदेशात हे वन आहे. सरकारने येथे मुख्यतः भूपृष्ठच विकत घेतले, सु. ९३ टक्के क्षेत्रातील खनिजहक्क खाजगी राहिले. या हक्कधारकांना वेधनासाठी वनसेवेच्या मंजुरीची आवश्यकता नाही, पूर्वसूचना व सहकार्य पुरेसे आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

महसूल व हमी : पट्टेदाराला लिलावातील बोली, वार्षिक भाडे व उत्पादनावरील स्वामित्वशुल्क द्यावे लागते. १९२० पासून स्वामित्वशुल्काचा किमान दर १२.५ टक्के होता. २०२२ च्या कायद्याने नव्या पट्ट्यांसाठी तो १६.६७ टक्के केला, किमान बोली एकरी २ डॉलरवरून १० डॉलर केली व लिलावाविना पट्टे देणे बंद केले. २०२५ च्या कायद्याने दर पुन्हा १२.५ टक्क्यांवर आणून लिलावाविना पट्ट्यांची तरतूदही पुनरुज्जीवित केली. मूळ सार्वजनिक वनांतील उत्पन्नापैकी सर्वसाधारणपणे निम्मे संबंधित राज्याला मिळते. त्यामुळे स्थानिक शासनांचा वेधनाला अनेकदा पाठिंबा असतो.

विहीर बंद करून जमीन पूर्ववत करणे ही पट्टेदाराची जबाबदारी असून त्यासाठी त्याच्याकडून हमीची रक्कम घेतात. एका पट्ट्यासाठी १९६० मध्ये ठरलेली १०,००० डॉलरची किमान हमी सहा दशकांहून अधिक काळ तशीच राहिली. प्रत्यक्ष खर्च तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक येत असल्याने दिवाळखोर पट्टेदारांनी सोडून दिलेल्या विहिरींचा भार सार्वजनिक कोषावर पडू लागला. म्हणून २०२४ च्या नियमांनी ती १,५०,००० डॉलर करण्यात आली.

मूल्यमापन : राष्ट्रीय वने केवळ जपणुकीसाठी नसून विविध उपयोगांसाठी आहेत, हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्याने मान्य केले आहे, तेल-वायूचे उत्पादन त्यांपैकी एक उपयोग होय. झाड तोडण्याचा निर्णय बव्हंशी तोडणीच्या वेळी घेतला जातो. तेलाच्या बाबतीत तो पट्ट्यावर सही होते त्या वेळीच बराचसा झालेला असतो. म्हणून या व्यवस्थेचे यश विहिरींवरील देखरेखीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणती जमीन पट्ट्यासाठी खुली करावयाची, हे आधी विचारपूर्वक ठरविण्यावर अवलंबून आहे.