इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय? गाडी काहीतरी सांगतेय

'गाडी ऑइल खाते' ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण वरून थेंबभरही टाकलेलं नसताना ऑइल वाढलं तर? डिपस्टिकवर ते 'मॅक्स'च्या खुणेच्या वर दिसलं, तर अनेकांना वाटतं, चला, ऑइल भरपूर आहे, काळजी नाही.

खरं तर काळजीचं कारण तेच आहे. ऑइल स्वतःहून वाढत नाही. त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय, आणि बीएस-६ डिझेल गाडीत ते बहुतेक वेळा डिझेलच असतं.

डिझेल ऑइलमध्ये येतं कुठून?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल कारच्या धुराच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर दिसू लागला. तो काजळी अडवून धरतो. फिल्टर भरत आला की ती काजळी जाळावी लागते. या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश सेल्सिअस इतकं तापमान लागतं.

एवढी उष्णता आणायची कशी? बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन सिलिंडरमध्ये थोडं डिझेल मुद्दाम उशिरा फवारतं. ते पुढे जाऊन धुराच्या मार्गात जळावं, अशी अपेक्षा असते. पण त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं.

गाडी हायवेवर असेल तर रिजनरेशन एका दमात पूर्ण होतं. पण रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नल आणि ट्रॅफिकमधून, असा प्रवास असेल तर ते अर्ध्यावर तुटतं. गाडी पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा डिझेल फवारलं जातं. पेट्रोल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं. डिझेल मात्र त्या तापमानाला सहज उडत नाही, ते साठत राहतं.

मग पेट्रोल गाड्या सुरक्षित?

पूर्णपणे नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये होंडाच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांबाबत अशाच तक्रारी आल्या. थंड भागात, छोट्या अंतरांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत होतं. गाड्या परत मागवण्याची कंपनीची पहिली योजना तिथल्या यंत्रणेने नाकारली आणि नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली. इंजिन नीट गरमच झालं नाही, तर पेट्रोललाही उडून जायला वाव मिळत नाही.

नुकसान काय होतं?

इंधन मिसळलं की ऑइल पातळ होतं. धातूच्या भागांमध्ये तेलाचा जो थर असतो, तो कमजोर पडतो. बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि टर्बो झिजू लागतात. ऑइलची पातळी फारच वाढली, तर ते हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. अशा वेळी डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर सुसाट पळू लागतं आणि काही वेळा किल्ली बंद करूनही थांबत नाही. हे क्वचित घडतं, पण घडलं तर इंजिन बदलण्याची वेळ येऊ शकते.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग पातळी बघा. फोटो काढून ठेवा. महिन्याभराने पुन्हा तपासलं की फरक लगेच कळतो.

डिझेलचा उग्र वास येतो का? बोटांमध्ये चोळल्यावर ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं का? हे इशारे आहेत. ऑइल काळं दिसणं हा मात्र पुरावा नाही. डिझेल इंजिनमध्ये ते लवकर काळं होतंच.

ऑइल दुधी कॉफीसारखं दिसत असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर भानगड वेगळी आहे. तिथे कूलंट मिसळत असू शकतं. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल, तर ऑइल जास्त भरलं गेल्याचीही शक्यता असते.

पातळी बरोबर दिसली म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. इंजिन जितकं ऑइल खातंय तितकंच डिझेल आत येत असेल, तर डिपस्टिक काहीच सांगणार नाही. नक्की उत्तर हवं असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. तिथे ऑइलचा घट्टपणा आणि त्यातलं इंधनाचं प्रमाण मोजतात.

उपाय काय?

पातळी 'मॅक्स'च्या बरीच वर असेल तर गाडी चालवणं थांबवा. वरचं ऑइल काढून टाकणं हा उपाय नव्हे. पातळी खाली येईल, पण उरलेलं ऑइल पातळच राहील. ऑइल आणि ऑइल फिल्टर, दोन्ही बदला. नवं ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच हवं. डीपीएफच्या गाड्यांना कमी राख तयार करणारं ऑइल लागतं.

त्यानंतर मूळ कारण शोधा, नाहीतर नव्या ऑइलचीही तीच गत होईल. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून या गोष्टी तपासायला सांगा:

- फिल्टरमध्ये काजळी किती आहे, शेवटचं रिजनरेशन कधी पूर्ण झालं
- फिल्टरचा प्रेशर सेन्सर बरोबर आकडे देतोय का
- एखादा इंजेक्टर गळतोय का
- थर्मोस्टॅट उघडा अडकल्यामुळे इंजिन थंडच राहतंय का

यात काहीच सापडलं नाही, तर हाय प्रेशर पंपाचं सील आणि पिस्टनच्या रिंगा तपासाव्या लागतात.

रोजच्या सवयीत काय बदलायचं?

शहरातच गाडी फिरत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी ती मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. आयडलिंगचा आरपीएम वाढलाय, पंखा जोरात फिरतोय, मायलेज अचानक घसरलंय असं दिसलं, तर बहुधा रिजनरेशन सुरू आहे. शक्य असल्यास तेव्हा इंजिन बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमधल्या सूचना पाळा.

'डीपीएफ काढून टाका, कटकट संपेल' असा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. असा बदल नियमबाह्य आहे आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

आणि नवी गाडी घेताना आधी स्वतःलाच विचारा, रोजचा प्रवास किती? तो पाच-सात किलोमीटरचाच असेल, तर डिझेलच्या मायलेजपेक्षा हा हिशेब महत्त्वाचा आहे.