बंद मशीन, बेसावध हात
घरच्या सुतारकामात एवढं जपाच

पूर्वी औत भरायचं असो की कुऱ्हाडीला दांडा घालायचा असो, सुताराच्या दारात जाऊन बसावं लागायचं. आता गोठ्याच्या पडवीत एक कटर मशीन, एक ड्रिल आणि प्लायवूडला खालून बोल्टने आवळलेली गोल करवत, एवढ्यावर घरोघरी चौरंग, खाटा, फाटकं तयार होतात. पैसा वाचतो, काम मनासारखं होतं. चांगलीच गोष्ट आहे. पण सुताराच्या पोराच्या अंगात लहानपणापासून जी सावधगिरी मुरते, ती मशीनच्या खोक्यातून मिळत नाही.

बोट गेलं की लोक म्हणतात, 'काय करणार, वेळच तशी आली होती.' मंडळी, सगळं वेळेवर ढकलू नका. विचित्र वाटणाऱ्या अपघातालाही कारण असतं. आणि कित्येकदा ते कारण मशीन बंद असताना, आपण निर्धास्त असताना तयार होतं.

वीज जाते, बटण राहतं

असं समजा, तुम्ही फळी कापताय आणि निम्म्यात वीज गेली. मशीन तिथंच ठेवून तुम्ही चहाला गेलात. बटण बंद करायचं कुणाच्या ध्यानात? मशीन मुकं झालं म्हणजे बंद झालं, असंच आपण धरतो. तासाभराने पोरगं भुशात खेळायला आलं, किंवा तुम्हीच पात्यात अडकलेला ढलपा काढायला बोट घातलं, आणि नेमकी तेव्हाच वीज आली तर?

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. ऑटो बसवला नसेल, तर वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय मोटार चालत नाही. हातातल्या साध्या मशीनला ही सोय बहुधा नसते. अडकवलेलं बटण अडकलेलंच राहतं. म्हणून वीज गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग चहा. पातं बदलतानाही हाच नियम. काडीपेटीच्या काड्या खोचून उघड्या तारा सॉकेटात बसवायची आपल्याकडची रीत तर सोडाच. तिथं शॉकची भीती आहेच, शिवाय ऐनवेळी ओढून काढायला हाताशी पिनही नसते.

आणखी एक. बटण बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका, मांडीवर तर नकोच.

लाकूड उलटं का येतं?

गोल करवतीवर फळी सरळ जाता जाता एकदम अंगावर येते. त्याला कारण आहे. ओलं किंवा पिळाचं लाकूड कापल्यावर मिटतं आणि पात्याला आवळतं. पात्याची मागची बाजू वर येत असते, ती फळी उचलते आणि तुमच्याकडे फेकते. फळीबरोबर हातही पात्याकडे ओढला जातो. उपाय जुनाच आहे. काप पुढे गेला की त्यात पाचर ठेवा. पात्याच्या सरळ रेषेत उभं न राहता जरा बाजूला उभे राहा. शेवटचा वीतभर भाग बोटांनी न ढकलता काठीने ढकला. जुन्या वाड्याची तुळई किंवा चौकट कापायची असेल, तर आधी खिळे शोधून काढा. खिळ्यावर पात्याचा दात तुटला, तर तो डोळ्याकडेही येऊ शकतो. म्हणून चष्मा हवाच.

कटरला लाकडाचं पातं नको

लोखंड घासायच्या चार इंची मशीनला करवतीचं दातेरी पातं बसवणं हा तर हमखास घात. हे मशीन मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं. म्हणजे पात्याचा दात ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. दात लाकडात अडला की मशीन हातातून उसळतं. त्यात मोठं पातं मावावं म्हणून गार्ड काढलेला असला, तर मध्ये अडवायला काहीच राहत नाही. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात, ते मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ते पातं लावूच नका. लाकडाला लाकडाचंच मशीन घ्या.

तेलाचं फडकं आपोआप पेटतं

लाकडाला जवसाचं तेल चोळून झालं की फडक्याचा बोळा करून आपण कोपऱ्यात टाकतो. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. बोळ्यात ती धग कोंडते, आणि काही तासांनी, घरात सारे झोपलेले असताना, फडकं पेटतं. काडी लागत नाही, विडी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ३८ मजली इमारतीला अशाच तेलकट फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशामक दलाचे तीन जवान गेले. आपल्या पडवीत तर शेजारी कडब्याची गंज असते! फडकी बाहेर, एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

अंगावरचं आवरा

फिरत्या ड्रिलजवळ उपरणं, ओढणी, लोंबती बाही, हातातला गंडा-दोरा, कडं नको. मोकळे केसही नकोत. सुती हातमोजे घातले म्हणजे हात वाचला असं वाटतं, पण फिरत्या यंत्रात मोजा अडकला की हातही आत ओढला जातो.

बोट तुटलंच तर

जखमेवर हळद, चुना, चहापूड काही टाकू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात वर धरा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, त्याने ते खराब होतं. १०८ ला फोन करा आणि बोट जोडायची सोय कुठं आहे, हे निघण्याआधीच विचारून घ्या. जितका उशीर, तितकी आशा कमी.

आज संध्याकाळी काम संपलं की एवढंच करा. पडवीत जाऊन मशीनची पिन काढलीय का, ते बघून या. फळी बिघडली तर दुसरी मिळते.